ओळीच्या आधीचा हॅश

अंकुश गेल्याचा फोन आला तेव्हा मी माजलगावच्या स्टँडवर चहा पीत होतो. त्याचा भाऊ "दादा, आपला अंकुश..." एवढंच बोलला. खोटं कशाला सांगू, रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते वेगळंच... आपल्या कॉलेजचा सर्व्हर आता कोण बघणार? दोस्त गेला आणि मला हे सुचलं! अजून लाज वाटते.

त्या सर्व्हरवर पोरांच्या दाखल्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती. निम्म्यांचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले, दाखला हरवला तर पुन्हा काढून आणणार कोण? मी साधा क्लार्क. अंकुश, दिंद्रुडचा गडी, मात्र काळ्या पडद्यावर एक ओळ खरडायचा आणि तासाभराचं काम चुटकीत. डिस्क किती भरली, कोणती फाइल जागा खाते, महिन्यापूर्वीचा कचरा शोधून पूस... सगळं एकेका ओळीत. या पुसायच्या ओळीची मला धडकी भरायची. 'फाइंड' लिहून किती दिवसांपूर्वीचं ते आधी सांगायचं, 'डिलीट' अगदी शेवटी. डिलीट चुकून पुढं आलं तर यंत्र काही विचारत नाही, जुनं-नवं सगळं साफ! तरी पुसायच्या वेळी तो मला मुद्दाम हाक मारून शेजारी बसवायचा. "कावून भेतू बे? लिव्हायची आन् मारायची, त्यात काय हाय?" असं म्हणून अंकुश खाडकन एंटर मारायचा. मला रागच यायचा. या माणसाला काळजी म्हणून नाही!

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात डिस्क गच्च भरली. परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस, जागेअभावी एकही फॉर्म पुढं जाईना, बाहेर रांग, आणि प्राचार्य सारखे डोकावतायत, "झालं का हो, जाधव?" ओळ नीट आठवेना, म्हणून कीबोर्डवरचं वरच्या बाणाचं बटण दाबलं. अंकुशनं आधी लिहिलेल्या ओळी एकेक करून दिसायला लागल्या. पुसायची ओळ सापडली. आणखी मागं गेलो तर तीच ओळ, पण सुरुवातीला हॅशचं (#) चिन्ह. हॅश लावलेली ओळ यंत्र सोडून देतं, काही करत नाही. त्याच्या मागं पुन्हा तीच, पुन्हा हॅश... पाच वेळा! म्हणजे मला हाक मारायच्या आधी हा एकटा बसून लिहीत होता, वाचत होता. अरे, हाही भीत होता! "मर्दा, एकदा तरी सांगायचंस की रे," मी मोठ्यानं म्हणालो आणि तिथंच रडलो.

मीही हॅश लावून ओळ लिहिली, सहा वेळा वाचली. आधी डिलीट न लावता नुसती यादी काढली, त्यात एकही दाखला नाही हे बघितलं. मग हॅश काढला, डोळे मिटले आणि एंटर दाबलं. जागा झाली. दाखले सगळे जागच्या जागी. फॉर्म गेले.

भीती मात्र गेली नाही, तिनं फक्त जागा बदलली. यंत्र ठरावीकच ओळी लक्षात ठेवतं; नवी आली की सगळ्यात जुनी गळते. त्याच्या ओळी मी वहीत उतरवून घेतल्यात. तरी सर्व्हरवर एक ओळ लिहायची म्हटलं की हात थांबतो... माझ्या हातून आज अंकुशची कोणती ओळ जाणार?