मारुतीशी भांडण

त्या दिवसांत माझा मारुतीवर राग होता, आणि उगाच नव्हता. मी सिंदेवाहीला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो आणि कुस्तीही. पोरं मला ‘कुस्तीचे सर’ म्हणतात, राज्यशास्त्राचं नावही काढत नाहीत. कॉलेजला मॅट नाही, म्हणून सराव गावच्या जुन्या आखाड्यात, मारुतीच्या समोरच्या मातीत. उभं आयुष्य मी त्याला तेल वाहिलं. आणि ममताला मातीत उतरवलं तेव्हाच त्याने मला आडवं करावं?

ममता माझी विद्यार्थिनी, आलापल्लीच्या पलीकडच्या गोंड वस्तीतली. पकड अशी, की माझीही दमछाक व्हावी. विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी तोंडावर आली होती. घरच्यांनी बजावलं होतं, निवड झाली तर शीक, नाहीतर परत ये, सोयरीक पाहून ठेवली आहे. पण मारुती ब्रह्मचारी, त्याच्या आखाड्यात बाईमाणसाने पाय ठेवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मी ती मोडली. दुसऱ्याच दिवशी मलेरियाने मला असं धरलं की खाटेवरून उठवेना.

ज्यांनी मला पहिला डाव शिकवला ते म्हातारे नामदेवभाऊ घरी आले. म्हणाले, “पाह्यलं ना मास्तर? देव कोपला. पोरीले घरी पाठव.” आखाड्यातल्या पोरांनीही हात काढून घेतले. कुस्तीत जोड लागते, अंगाला अंग भिडवणारं कोणीतरी. एकटीने किती जोर-बैठका मारणार? तिची जोड मीच होतो, आणि मी तापाने फणफणत पडलेलो. खरं सांगतो, मीही डगमगलो. दातावर दात वाजत असताना वाटलं, चुकलं का आपलं? मग त्या वाटण्याचाच इतका संताप आला की अंगावर ब्लँकेट गुंडाळून, बायकोचं न ऐकता, तडक आखाडा गाठला.

शनिवार होता. नामदेवभाऊ होते, पोरं होती, आणि ममता कोपऱ्यात एकटीच बैठका मारत होती. मी मारुतीसमोर उभा राहून मोठ्याने बोललो, “मारायचं तर मले मार. मी आणलं तिले. पण पोरगी इथून जाणार नाई, अन् मी बी जाणार नाई. काय करतो ते कर!” मग ब्लँकेट आवळून मी पायरीवर बसलो.

तेवढ्यात फाटकातून एक अनोळखी बाई आत आली. सलमाबाई हे नाव नंतर कळलं. बुरखा काढून तिने घडी घालून पायरीवर ठेवला. “सर, मी कामठीची. बाप उस्ताद होता, भाऊ नव्हता, म्हणून त्यानं मलेच डाव शिकवले. समोर माझं शिलाईचं दुकान हाय. ही पोरगी रोज एकटीच दिसते. मी उभी राहू का हिच्यासंग?”

“अवो बाई, मारुतीचा आखाडा हाय हा!” नामदेवभाऊ ओरडले.

“मालूम हाय भाऊ. अब्बाच्या आखाड्यातबी मारुतीच होता.”

तिने वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली, ओढणी कमरेला आवळली आणि ममताला खुणावलं. पहिल्याच झटापटीत तिने ममताचे पाय असे ओढले की पोरगी धपकन पाठीवर. आणि ममता हसली, कित्येक दिवसांनी. मी ब्लँकेटात तोंड खुपसून रडलो.

पुढे सलमाबाई रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी येत राहिल्या, आणि मी पायरीवरून ओरडत राहिलो. गडचिरोलीला निवड चाचणीत ममताने शेवटची कुस्ती धोबीपछाडवर मारली आणि संघात गेली.

मलेरिया गोळ्यांनी गेला, हे मलाही कळतं. याला चमत्कार म्हणा असा माझा हट्ट नाही. पण भांडता भांडता एक गोष्ट उमगली. लढणं माझं काम. मदतीला कोण, कुठल्या फाटकातून येईल, हे ठरवणं माझं नाही. तेवढं मी मारुतीच्या पायाशी ठेवलं आणि मोकळा झालो. फार बरं वाटलं.

नामदेवभाऊ अजून फुरंगटलेलेच. परवा पुन्हा म्हणाले, देव कोपलाच होता. मी त्यांच्या पाया पडलो आणि म्हणालो, “भाऊ, कोपला असता तर जोड काऊन पाठवली असती?”