काकूंची अंबाडी

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातला तो हिवाळा आठवला की मला आधी काच दिसते. घामेजलेली काच, पलीकडे बर्फ आणि अलीकडे अळूची मोठाली पानं. वर्षं ऐंशीच्या दशकातली, मी तिथे हॉर्टिकल्चरमध्ये पीएच.डी. करत होते. पिवळं पान बघून झाडाला काय कमी पडतंय ते सांगणं हाच माझा विषय. आठवडाभर विद्यापीठाच्या ग्रीनहाउसमध्ये टोमॅटोची पानं उलटीपालटी करायची आणि रविवारी काकूंकडे वरणभात जेवायला जायचं. त्या माझ्या नात्यातल्या कुणी नव्हत्या. तिथे सगळ्याच मराठी विद्यार्थ्यांच्या त्या काकू होत्या.

काका इंजिनियर, फार आधी येऊन स्थिरावलेले. गावाबाहेर घर आणि मागे काचेची छोटी खोली. तिथे काकूंनी कढीपत्ता, अळू, गवती चहा असा दुसरा संसार मांडला होता. त्या वर्षी काकांना कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली आणि त्यांचं जेवण सुटलं. भाताची वाफ आली तरी ते टेबलावरून उठून जात.

एका रविवारी निघताना काकूंनी माझ्या कोटाच्या खिशात फॉइलची पुडी सरकवली. “अंबाडी लावलीय गं. पिवळी पडतेय. बघून सांग.”

बसमध्ये मी पुडी उघडली. अंबाडीच्या पानाची बोटं तळव्याला जोडलेली असतात. या पानाची सातही बोटं पार देठापर्यंत सुटी होती. भांगेचं पान ओळखायला पीएच.डी. लागत नाही. व्हिसा, प्रोफेसर, पोलीस, घरी जाणारं पत्र, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि मी पुडी पुन्हा घट्ट गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी मी फोनवर चक्क वेड पांघरलं. “पालेभाजी आहे ना काकू, मग नायट्रोजन कमी पडतंय. खत वाढवा.”

पान वरचं होतं की खालचं, हे मी विचारलंच नाही. आमच्या विद्येतला पहिला प्रश्न हाच. खालची जुनी पानं पिवळी पडली तर नायट्रोजन, शेंड्याची कोवळी पडली तर दुखणं वेगळं. पण तो विचारला असता तर झाड बघायला जावं लागलं असतं. मला ती अंबाडीच असायला हवी होती. पुढचे दोन रविवार मी परीक्षेचं कारण सांगितलं. एवढी भित्री मी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. “तुझं खत घातलं, तरी पिवळंच आहे गं. काकांनी आज नुसतं पाणी घेतलंय.” मी तशीच कोट चढवून निघाले.

त्या खोलीत शिरलं की बाहेरचं जग पुसल्यासारखं व्हायचं. ओल्या मातीचा वास, काचेवरून ओघळणारे थेंब, बर्फातून झिरपणारा दुधी उजेड. आपण कुठल्या देशात आहोत हेसुद्धा तिथे मिनिटभर आठवत नसे. अळूच्या आड पाच कुंड्या होत्या. शेंडे लिंबासारखे पिवळे, पण शिरा हिरव्या. खताने कडा करपलेल्या, तो माझा पराक्रम. शेजारी कढीपत्ता मात्र काळाभोर हिरवा.

“दोघांना पाणी एकच?”

“विहिरीचंच. कढीपत्त्याला वर आंबट ताक घालते मी, आईच्या सवयीने.”

सगळा उलगडा झाला. तिथल्या विहिरींचं पाणी चुनखडीचं. त्या पाण्याने मातीतलं लोह झाडाला घेता येत नाही. आंबट ताकाने कढीपत्ता तगला होता.

“मग याला का नाही घातलंत?”

काकू काच पुसू लागल्या. “दवाखान्यातल्या नर्सने हळूच सांगितलं, याने भूक लागते. तुपात उतरवून दिलं तर दोन घास जायचे यांना. पण आपल्या घरात हे? लाज वाटायची मला. पाणी घालायचे आणि बघायचेसुद्धा नाही याच्याकडे.”

मी दुकानातून लोहाची पूड आणली, पाण्यात जरासं व्हिनेगर घालायला सांगितलं, खत बंद केलं. ताक काकूंनी स्वतःहून घातलं. रोज बसने जाऊन मी शेंडे बघू लागले. दहाव्या दिवशी एक कोवळं पान हिरवं निघालं आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढे एका रविवारी काकांनी ते तूप घातलेल्या वरणभाताचे चार घास खाल्ले आणि पाचव्यासाठी वाटी पुढे केली. त्यांचं मनगट इतकं बारीक झालं होतं की घड्याळ कोपराकडे घसरलं. मला तिकडे बघवेना.

ते झोपल्यावर काकू म्हणाल्या, “तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?”

“हो,” मी म्हटलं. “मी भ्यायले, काकू.”

त्यांनी माझ्या भातावर साधं तूप वाढलं. “मीही भ्यायलेच होते गं. पण यापुढे भ्यायलीस तरी ये.”