शिळं कशाला म्हणायचं

अवसरी बुद्रुकच्या आमच्या भावकीत पहिली पदवीधर मुलगी मी. कुणी न विचारताही मी हे सांगते, आणि सांगत राहणार. लग्न होऊन बोरी बुद्रुकला आले तेव्हा पेटीत साड्यांच्या खाली बी.कॉम.चं सर्टिफिकेट होतं. ते सात वर्षं तिथंच पडून राहिलं. मग गावात मोबाईल नुकते दिसायला लागले त्या सुमाराला ओतूरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मला क्लार्कची नोकरी लागली.

थोरली पाच वर्षांची होती, धाकटी तीन. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्यांचे गुडघे गेलेले. पोरींना सांभाळायला त्या तयार होत्या, पण गॅसपुढं उभं राहणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी अट घातली.

"जा, मी आडवीत न्हाई. पण माझ्या नातींच्या ताटात शिळं पडलं, त्या दिशी नोकरी बंद. दिवाळीपतुर बगते."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "आई बरोबर बोलती." झालं!

सव्वाआठची एस.टी. चुकली की पुढं आळेफाट्यावर ओतूरची गाडी हुकायचीच. त्यात लोडशेडिंग. सकाळी सहाला लाईट जायची आणि मिक्सर मुका व्हायचा. मग पाट्यावर वाटण वाटा, कणीक मळा, चपात्या लाटा, दोघींच्या वेण्या घाला, धाकटीला मागं पळून भरवा. पहिल्या दोन आठवड्यांत तीनदा गाडी चुकली. ऑफिसातले साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, हजेरीपट तुमच्या घरीच पाठवू का?"

म्हणून मी डोकं चालवलं. संध्याकाळीच कणीक मळली, तेलाचा हात लावून छान गुळगुळीत गोळा केला आणि फ्रीजमध्ये ठेवला. सकाळची वीस मिनिटं वाचणार म्हणून खुशीत होते. दिवस पितृपक्षाचे आहेत, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

सकाळी आत्या फ्रीजमधलं दूध घ्यायला गेल्या आणि तिथंच ओरडल्या, "अगं बये, कुनाचा पिंड घातलास गं ह्यात? मी अजून जित्ती हाय!"

मला हसू फुटलं. ते आवरायला पाहिजे होतं, पण आवरलं नाही. आत्यांनी गोळा उचलून गाईपुढं टाकला आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "रातची कनीक म्हंजी शिळी. आन वर दात काढती! दिवाळी ऱ्हाऊ दे, सोमवारपासनं घरी बस."

तो दिवस गुरुवारचा होता. एस.टी.च्या खिडकीशी बसून मी ओतूरपर्यंत एकच विचार करत होते. वर्षभराचं लोणचं शिळं नाही, उन्हाळ्यातले सांडगे शिळे नाहीत, काळा मसाला तर शिळा नाहीच नाही. मग शिळं कशाला म्हणायचं? ह्याचा काहीतरी कायदा असणार. आणि तो आत्यांनाच माहीत असणार.

संध्याकाळी त्या लसूण सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसले, चार पाकळ्या सोलल्या आणि विचारलं, "आत्या, तुम्ही बैलगाडीनं माहेरी जायचात तेव्हा फडक्यात काय बांधून न्यायचात?"

"दशम्या. दुसरं काय नेनार?"

"किती दिवस पुरायच्या?"

"तीन दिस. लोण्यावानी मऊ ऱ्हायच्या."

"मग तिसऱ्या दिवशी शिळ्या नाही का व्हायच्या?"

"यडी का काय तू? दुदात भिजवल्याल्या त्या. पान्याचा हात लागला न्हाई तर शिळं कशाला व्हईल?"

हे बोलल्या आणि लसूण सोलायचा हात थांबला. माझ्याकडं तिरकं बघत म्हणाल्या, "लई शानी हायेस." पण शब्द तोंडातून गेला होता, आणि तो मी पदराच्या गाठीला बांधला होता.

रविवारी लाईट असताना कामाला लागले. कांदा तांबूस तळला, सुकं खोबरं भाजलं, लसूण परतला, मसाला घातला. पाण्याचा थेंबही न घालता मिक्सरमधून काढलं आणि तेल सुटेपर्यंत पुन्हा परतून कोरड्या स्टीलच्या डब्यात भरलं. सकाळी उकडलेल्या मटकीत त्यातले दोन चमचे टाकले की दहा मिनिटांत आमटी. गुळाच्या दुधात कणीक भिजवून दोन दिवसांच्या दशम्या केल्या, त्याही तळहाताएवढ्या. धाकटी ती हातात धरायची आणि अंगणभर फिरत स्वतःच खायची. भरवायचं काम संपलं. फ्रीज बंद पडो नाहीतर चालू राहो, माझं काही अडेना. सोमवारी मी तयार होऊन बाहेर आले. थोरली दशमी आमटीत बुडवून खात होती. आत्यांनी तिच्या ताटातला तुकडा मोडला, वास घेतला, तोंडात टाकला. मग दुसरा तुकडा मोडला. मी चपला घातल्या आणि निघाले.

त्यानंतर गाडी एकदाही चुकली नाही. रविवारी दशम्यांची कणीक आत्या बसल्या जागी मळायला लागल्या. "तुझं दूद कमी पडतंय," म्हणून परात ओढून घेतली होती, ती परत दिलीच नाही.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. ओट्यावरचा डबा बघून म्हणाल्या, "सून हापिसात, आन पोरींला आठवड्याचं शिळं का?"

मी दाराशी पर्स घेऊन उभी.

आत्या भिंतीला धरून उठल्या. "हात पूस आदी," त्या काकूंना म्हणाल्या. काकूंनी पदराला हात पुसला. "आता उघड डबा आन घे वास. पान्याचा हात लागल्याला न्हाई त्याला. शिळं म्हन्ती! तुज्या सुनंला येतंय का आसं?"

काकूंनी वास घेतला आणि गुपचूप विचारलं, "खोबरं किती घालायचं?"

"ते तिला विचार. शिकल्याली हाय ती. पन आत्ता न्हाई, रविवारी ये." मग माझ्याकडं वळून आत्या खेकसल्या, "आन तू काय खांबावानी हुबी? सव्वाआठ वाजत आलं, गाडी काय तुझ्या बापाची हाय?"

मी पळाले. गाडी मिळाली, खिडकीही मिळाली.