गोजराकाकींची बाव

नावड्यात आम्ही गोजराकाकींच्या चाळीत भाड्याने राहतो. चाळीमागे त्यांची विहीर आहे. त्या तिला बाव म्हणतात. शेती गेली, चहूकडे कंपन्या आल्या, पण बाव राहिली. घरात बाळ आलं की बाळंतीण पहिल्यांदा उंबरा ओलांडते ती बाव पुजायलाच. काकींची सून उन्नती हिला दिवस गेले, त्याच हिवाळ्यात बावीच्या पाण्याला डिझेलचा वास यायला लागला.

शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्याची जमिनीतली टाकी गळत होती. खर्च त्याच्या गळ्यात पडला आणि सफाईच्या कामासाठी सुचिता मॅडम आल्या. पाण्यावर तरंगणारं डिझेल त्यांनी आधी पंपाने ओढून घेतलं. मग ओटीवर बसून पुढचे मार्ग समजावले. माती खणून दूर न्यायची. काम लवकर उरकतं, पण बाव जाते. पाणी उपसून कोळशातून गाळायचं. पाणी स्वच्छ होतं, पण मातीत मुरलेलं डिझेल पुन्हा झिरपत राहतं. नाहीतर नळ्या घालून मातीत हवा सोडायची, थोडं खत द्यायचं. मग मातीतलेच जीवाणू वाढतात आणि डिझेल खातात. पण त्याला दीड-दोन वर्षं लागतात.

“डिझेल खातान?” काकी हसल्या. “मंग मिथुनचे गाडीपेक्षा बरं. ती पिते नि बंद परते.”

मिथुन म्हणजे त्यांचा मुलगा. त्याला माती खणून नेलेली हवी होती. जागा मोकळी झाली की चार खोल्या निघाल्या असत्या. “आये, पिवाला नलाचं पानी हाय. बाव कनाला पायजे?”

काकी मॅडमकडे वळल्या. “ती माती टाकनार कुठं?”

“लांब, ठरलेल्या जागेवर.”

“तिथं कोनाची बाव नाय?”

“जागा नीट बांधलेली असते, काकी. पण घाण असतेच म्हणा तिथे.”

“मंग हितंच संपवा.”

मिथुनने अट घातली, दिवाळीपर्यंत फरक दिसला नाही तर बाव बुजवायची. काकींनी शब्द दिला.

हवेचं मशीन दिवसभर घरघरायचं. उन्हाळा सरेपर्यंत वास बराच कमी झाला. पावसाळ्यात उन्नतीला मुलगी झाली, तिने बाव पुजली, सगळं रीतीप्रमाणे पार पडलं. गणपतीनंतर मॅडम रिपोर्ट घेऊन आल्या, त्या गोंधळलेल्याच. “विहिरीजवळचे जीवाणू जवळजवळ मेलेत. कुणी काही टाकलं का आत?”

“टीसीएल,” काकी सहज म्हणाल्या. दर पावसाळ्यात टाकतात ती पांढरी पावडर. “उन्नती पुजाला येनार व्हती ना. जरा जास्तीच टाकली. जंतू मरतान.”

मॅडम हळूच म्हणाल्या, “काकी, आपण जंतूच पाळत होतो.”

स्वच्छ करायचं म्हणजे काहीतरी मारायचं, हे आपल्या हातांना इतकं सवयीचं झालंय. देवाने मातीत ठेवलेले जीव त्या बाईने भक्तीनेच मारले होते.

“शब्द दिला व्हता,” काकी शेजारी उभ्या असलेल्या मिथुनला म्हणाल्या. “बुजव तू.”

मिथुनने मॅडमना विचारलं, “परत वाढतील का ते?”

“वाढतील. पावडरीचा असर गेला की. पण चार-पाच महिने फुकट गेले.”

तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी वेल्डरला घेऊन आला, तेव्हा मला वाटलं, संपलं. पण त्याने बावीवर लोखंडी झाकण बसवलं, कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली.

“आये, आता हिला तुज्यापासून जपाची.”

काकींनी पदराने डोळे पुसले. “किल्ली मॅडमकडं दे,” त्या म्हणाल्या. “तू बी माजाच पोर. तुजा पन भरवसा नाय.”