माझ्या नावाचं दान

मला नाताळाचा राग येतो, हे आमच्या मंडळीत बोलायची सोय नाही. बोलले तर चार जण लगेच माझ्यासाठी प्रार्थनेला बसतील, आणि प्रार्थना संपली की मलाच आभार मानायला लावतील. म्हणून बोलत नाही, लिहून टाकते.

माझे वडील म्हसावदजवळच्या एका गावात मिशनच्या शाळेत मास्तर होते, आणि रविवारी तेच उपदेशक. संवत छपन्नाच्या मोठ्या दुष्काळात त्यांचे आईबाप गेले. तेव्हा रस्त्याच्या कडेला कुडकुडत बसलेल्या त्या पोराला एका अनोळखी बाईनं आपल्या अंगावरची घोंगडी दिली आणि ती तशीच पुढे निघून गेली. ही गोष्ट बाबा दर नाताळाला सांगत. सांगताना त्यांना रडू येई, आणि ते खोटं नव्हतं. त्या बाईचे आभार मानायचे राहून गेले, ही टोचणी त्यांना जन्मभर होती. त्यातूनच त्यांनी आमच्या घरी एक रीत घातली.

नाताळच्या सकाळी उपासना झाली की सगळे आमच्या अंगणात जमायचे. गावातली मोजकी ख्रिस्ती घरं, शाळेतली पोरं, डोंगरातून उतरून आलेली पावरा जमातीची माणसं. मग आमच्या घरातल्या प्रत्येकानं एक वस्तू सोडायची. जुनीपानी नाही, सोडताना जीव तुटेल अशी. ती आपल्या हातानं द्यायची, आणि घेणाऱ्याचे आभार देणाऱ्यानं मानायचे, कारण घ्यायला कुणी असतं म्हणून आपल्याला देता येतं. पुढल्या नाताळाला ते माणूस जेवायला आलं की आभाराचे चार शब्द त्यानं बोलायचे. मग पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या आगीवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि दुपारभर गाणी.

रीत चांगली होती. माझा राग रीतीवर नाही, हे आधीच सांगते. मी लहानपणी माझ्या काचेच्या बांगड्या एका पोरीला दिल्या होत्या. देताना रडले, आणि तिनं त्या हातात भरल्यावर तिच्याबरोबर नाचलेही. असं सुख मला पुढे फार वेळा मिळालेलं नाही. माझ्या स्वतःच्या घरीही नाताळाला आम्ही अजून सोडतो. फक्त ज्याचं त्यानं सोडायचं, आणि आभार मानायला कुणालाही उभं करायचं नाही.

बाबांचं बिघडलं ते इथेच. हळूहळू त्यांना देण्याची चटक लागली. लोक वाखाणत, मिशनची गोरी मडम मान डोलवायची, आणि बाबांच्या स्वतःच्या वस्तू तर कधीच संपल्या होत्या. एका नाताळाला त्यांनी मायच्या माहेरची तांब्याची हंडी उचलून एका म्हातारीला दिली. "आमची हंडी" म्हणाले. आमची! पाणी भरायला ते कधी गेले होते? माय मातीच्या घागरीनं पाणी आणू लागली, आणि ती घागर फुटली तेव्हा बाबा तिच्यावर ओरडले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा पहिल्यांदा. पण मी पोर. मी काय बोलणार?

त्याच्या पुढल्या वर्षी मी बाबांच्या शाळेत चौथी पास झाले. पुढचं शिक्षण म्हणजे तापी ओलांडून नंदुरबारला, मुलींच्या बोर्डिंगात. तिथून शिकून बाहेर पडलेल्या बाया मास्तरीण व्हायच्या, दवाखान्यात नर्स व्हायच्या. मडम आमच्या बाजूच्या गावांतून त्या वर्षी एकाच मुलीला घेणार होती, आणि ती मुलगी मी होते. मला दुसरं काही दिसत नव्हतं. शेण थापताना मी पाढे म्हणायची. मायनं दोन परकर-पोलकी शिवली, बाबांनी पत्र्याची पेटी आणली. मडम नाताळाला आमच्याकडे येऊन परत जाणार होती, तिच्याच गाडीतून मला जायचं होतं. पेटी सकाळपासून ओट्यावर भरून ठेवलेली होती.

अंगणात सोडणं सुरू झालं. बाबांची पाळी आली. ते उभे राहिले, घोंगडीची गोष्ट सांगितली, डोळे पुसले. मग भिंतीशी बसलेल्या एका पावरा मुलीला त्यांनी हात धरून पुढे आणलं. माझ्याच वयाची असेल. आईबाप वारलेले, आत्यानं सांभाळलेली. आत्या तिथंच भिंतीशी बसली होती. बाबा म्हणाले, "माझ्या मुलीला जी जागा मिळाली आहे, ती जागा ती आज या अनाथ बहिणीला देत आहे."

ती देत आहे! मी! मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सगळे माझ्याकडे पाहून हसत होते, मडमनं तर टाळ्या वाजवल्या. मी मायकडे पाहिलं. माय भरिताची वांगी सोलत होती. ती तशीच काळ्या हातांनी उठली आणि एवढ्या माणसांत बाबांना म्हणाली, "तिले इचारं का तुम्ही? ते तिनं शे, तुमनं नही."

ते तिचं आहे, तुमचं नाही, असं नवऱ्याला चारचौघांत सुनावणारी माय मी पहिल्यांदाच पाहिली. बाबा शांतपणे हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आपल्यात माझं-तुझं काय?" आणि माझ्याकडे वळून, "बाळ, आभार मान तिचे."

मी मानले. काय करणार? डोळ्यांतून पाणी येत होतं, ते लोकांनी आनंदाश्रू ठरवले. पेटी गाडीत चढली, माझे परकर गाडीत चढले, ती मुलगी गाडीत चढली. गाडी वळणाआड जाईपर्यंत बाबा हात हलवत होते. संध्याकाळी त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाले, आज तू मला धन्य केलंस. मी त्यांचा हात झटकून टाकला. त्यावर त्यांनी रात्रीच्या प्रार्थनेत माझ्या गर्विष्ठ मनाचा उल्लेख केला.

पुढच्या वर्षी तरी जाता येईल, असं माय म्हणायची. पुढच्या वर्षी धाकटा भाऊ झाला, त्याच्यापुढच्या वर्षी माय आजारी पडली, आणि मग माझं लग्नाचं वय झालं. माझं लग्न त्याच गावात झालं, बाबांच्या हाताखालच्या मास्तरांशी. भले गृहस्थ. पण मी चूल फुंकत राहिले आणि ते शाळेत माझ्याहून वाईट अक्षरात फळ्यावर लिहीत राहिले.

आणि दर नाताळाला ती पावरा मुलगी यायची. हे तर मला सगळ्यात असह्य व्हायचं. बोर्डिंगातून ती धुतलेल्या साडीत यायची, केस चापूनचोपून बसवलेले, आणि अंगणात सगळ्यांसमोर माझ्यापुढे उभी राहून चोख पुस्तकी मराठीत म्हणायची, "ताई, आपण मला दिलेल्या जागेबद्दल मी आपली ऋणी आहे." मला "ताई"! आम्ही एका वयाच्या. बाबा डोळे मिटून ऐकायचे, शेवटी "आमेन" म्हणायचे. मी दात-ओठ खात हसायची. तिच्या आवाजात काहीच नसायचं, पोरं पाढे म्हणतात तसं ती म्हणून टाकायची. मला वाटायचं, शिकली म्हणून हिला शिष्टपणा चढलाय. जे माझं होतं ते घेऊन वर आणखी आभारसुद्धा नीट मानत नाही, असं मनात म्हणत मी तिला वाढताना भाकरीही करपलेली वाढायची.

ती शिकून नर्स झाली त्या वर्षीची गोष्ट. नाताळच्या सकाळी मी परसात आगीवर वांगी उलटत होते, माय शेजारी सोलत होती. ती मदतीला म्हणून मागे आली आणि आमच्याजवळ बसली. तिच्या हातांना औषधाचा वास होता. तो वास नाकात गेला आणि माझा ताबा सुटला. मी म्हटलं, "आज ते आभारनं बोलू नको. ती जागा मी दिन्ही नही. मन्हा हातमाईन लई लिन्ही. तुले ठाऊक नही का?" ती जागा माझ्या हातून काढून घेतली होती, हे एकदाचं बोलून टाकलं.

ती वांगं सोलता सोलता थांबली. मला वाटलं, आता रडेल किंवा माफी मागेल, आणि मला दोन्ही नको होतं. पण ती माझ्याहून जास्त चिडलेली होती. तिचं तोंड लाल झालं.

"मला तरी कुणी विचारलं होतं?" ती म्हणाली.

मग ती बोलत सुटली. त्या दिवशी ती आत्याबरोबर जेवायला आली होती. मास्तर मराठीत काय बोलले ते दोघींनाही कळलं नव्हतं. गाडीत बसवलं तेव्हा तिला वाटलं, जत्रा दाखवून संध्याकाळी परत आणतील. तापी आली तेव्हा ती गाडीतून उतरून पळाली, पण गाडीवानानं धरून आणली. आत्या दोनदा डोंगर उतरून नंदुरबारपर्यंत चालत गेली, पण फाटकातून तिला आत घेतलं नाही. तिसऱ्यांदा आली नाही. वारल्याचा निरोप आला. बोर्डिंगात पावरी बोललं की शिक्षा होती, म्हणून आता पाड्यावर गेली तर तिला आपल्याच माणसांशी धड बोलता येत नाही. "आणि दरवर्षी मडम सांगायची, जा, मास्तरांच्या मुलीचे आभार मानून ये. उपकार विसरू नये. तुझे परकर मला पायात यायचे, मी पडायची, आणि पडल्यावरही आभार मानायची. तुझ्यासारखं मला हवं होतं असं तुला वाटलंच कसं?"

मायचे हात थांबले होते. आमच्या तिघींच्या मध्ये वांगी जळत होती आणि कुणी ती उलटत नव्हतं. मला इतकी वर्षं जिचा राग येत होता ती माझ्यासमोर बसून माझ्यासारख्याच रागानं पेटली होती. मग हा सगळा राग ठेवायचा कुठे? त्या रागाचा खरा धनी बाहेर अंगणात बसला होता आणि त्याला आभार ऐकायचे होते.

"झालं का गं?" बाबांनी अंगणातून हाक मारली. "या दोघी बाहेर. आभारांची वेळ झाली."

ती उठली. पदराला हात पुसले आणि अंगणात जाऊन नेहमीच्या जागी उभी राहिली. मी मागोमाग गेले. बाबांनी डोळे मिटले. पण या वेळी ती माझ्याकडे वळली नाही. भिंतीशी डोंगरातली माणसं पत्रावळी पुढे घेऊन बसली होती, त्यांच्याकडे तोंड करून ती पावरीत बोलू लागली. अडखळत, शब्द शोधत, लहान मुलासारखं. मला त्यातली आत्या कळली, गाडी कळली, तापी कळली.

एक म्हातारा आपल्या पत्रावळीकडे पाहत राहिला. मग त्यानं ती पुढे सरकवली आणि उठला. त्याच्या मागून त्याची म्हातारी उठली. मग एकेक करून सगळे. भरीत तसंच पडलेलं.

तिचं बोलणं संपलं. बाबा म्हणाले, "आमेन."

इतकी वर्षं हे गृहस्थ त्या माणसांना उपदेश करत होते आणि त्यांची भाषा त्यांना येत नव्हती. डोळे उघडून पाहतात तो पाहुणे वाटेला लागलेले. "काय झालं? भरीत तिखट झालं का?" त्यांनी परसाकडे तोंड करून मायला विचारलं. मग माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाली ती?"

मी म्हटलं, "ती इथंच उभी आहे. तिलाच विचारा."

ती त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होती. सरळ त्यांच्याकडे पाहत होती. सांगायला तयार होती, चोख पुस्तकी मराठीत, एकेक शब्द. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. एक प्रश्न विचारायचा होता फक्त. माझ्या मनात, अजूनही, एवढं सगळं होऊनही, आशा होती की ते विचारतील, कारण ते वाईट नव्हते आणि घोंगडीची गोष्ट सांगताना ते खरंच रडत.

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. आणि म्हणाले, "चला, गीत घेऊ या. सगळे उभे राहा."

उरलेले लोक उभे राहिले. गाणं सुरू झालं. ती ओट्याच्या पायरीवर जाऊन बसली, मी तिच्याजवळ बसले. माय परसातून बाहेर आली, बाबांकडे एकदा पाहिलं आणि आमच्या शेजारी खाली बसली. बाबा हातानं उठायची खूण करत होते. आम्ही तिघी बसून राहिलो.