कपाटातले गोलपोस्ट

शाळेत खेळाचं सामान टिकत नाही, किस्से मात्र ढिगानं साठतात. वडवणीच्या बाजूच्या एका शाळेत मी पीटीचा सर. पीटीच्या सराला पीटी सोडून सगळी कामं असतात. मतदार यादी, खिचडीची चव बघणं, पाहुण्यांसाठी नारळ आणणं. त्यातून दिवस उरला तर खेळ! तेव्हा दमलेल्या माणसाचं बोलणं समजून ऐका. हे सगळे किस्से दोन गोलपोस्टांचे आहेत, आणि दोन्ही गोलपोस्ट हवा भरायचे.

पुण्याच्या एका संस्थेनं ते आमच्या मुलींच्या फुटबॉल टीमला भेट दिले होते. आमच्या मैदानावर गुरुवारी बाजार भरतो, त्यामुळे लोखंडी खांब रोवायची सोयच नाही. हे कसे, पायपंपानं हवा भरली की उभे, खेळ संपला की घडी!

* * *

खोका आला. हेडमास्तरांनी स्वतः ब्लेडनं उघडला. जाड रबरी नळ्या बघितल्या, जाळी बघितली, सगळं परत खोक्यात घातलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

"सर, मुली मैदानावर थांबल्यात," मी म्हणालो.

"अहो, पण खेळून खराब होईल ना!"

पावसाळा गेला. मुली दोन चपला ठेवून त्यांच्या मधून गोल मारत राहिल्या. शेवटी संस्थेच्या बाईंनी फोटो मागितला तेव्हा कुलूप निघालं. फोटोत सगळ्यात पुढे हेडमास्तर आहेत, हात गोलपोस्टवर!

* * *

पहिल्याच आठवड्यात वारं सुटलं. एक गोलपोस्ट उचलला गेला तो मैदान ओलांडून, रस्ता ओलांडून दिसेनासा झाला. आम्ही शोधत फिरतोय, तेवढ्यात शेजारच्या रानाचे मालक मोटारसायकलवर आले.

"सर, तुमचं दार माझ्या कापसात येऊन पडलंय."

"हो का? लगेच नेतो."

"न्या सावकाश. पर घर कवा येतंय ते सांगून ठेवा, तेवढा कापूस येचून घेतो!"

तेव्हापासून नळ्यांवर वाळूच्या गोण्या ठेवायला लागलो. गोण्या वाहायचं कामही पीटीच्या सराचंच.

* * *

आमची गोलकीपर अश्विनी. नववीत आहे. वडिलांच्या शेळ्या आहेत, पन्नासेक तरी असतील. एकदा ते सराव बघायला आले. त्या दिवशी बॉल सगळा वेळ पलीकडच्याच बाजूला होता. शेवटी ते माझ्याजवळ आले.

"सर, ही नुसती उभीच ऱ्हाती की! उभंच ऱ्हायचंय तर माझ्या शेळ्यामागं उभी ऱ्हाऊ द्या."

मी समजावलं, की बॉल आत जाऊ द्यायचा नाही, हेच तिचं काम.

"शेळ्यामागं बी तेच काम हाय. कुनाच्या रानात जाऊ द्यायच्या न्हाईत!"

पोरीनं खाली मान घालून ग्लोव्हज काढायला घेतले. ते बघून बाप विरघळला. "बरं, टीम हाय तवर येऊ दे. टीम मोडली की मंग शेळ्या."

* * *

मग आमदारसाहेब आले. पाण्याच्या टाकीचं उद्घाटन. हेडमास्तरांनी कपाट न सांगता उघडलं आणि दोन्ही गोलपोस्ट स्वागताला देऊन टाकले. एक फाटकात, एक स्टेजसमोर, कमानी म्हणून! वर झेंडूच्या माळा. माळा कशानं लावल्या? टाचण्यांनी!

साहेब बोलायला उभे राहिले आणि स्टेजसमोरची कमान हळूहळू वाकायला लागली. साहेबांनी बघितलं.

"बघा, कमान बी वाकून नमस्कार करती! ह्याला म्हनतात लोकांचं प्रेम!"

टाळ्या काही थांबेनात. हेडमास्तर सगळ्यात पुढे.

* * *

दोन्ही गोलपोस्ट घेऊन मी बसस्टँडजवळच्या रफिकभाईंकडे गेलो. सायकलचे पंक्चर काढतात. त्यांनी नळी म्हशीच्या हौदात बुडवली. जिकडेतिकडे बुडबुडे! म्हशीनं पाणी प्यायचं सोडून बघितलं.

"सर, ये पंक्चर नै, चाळणी है. इसमें हवा नको, दुवा भरो."

तरी बिचाऱ्यांनी सगळीकडे पॅच मारून दिले. निघताना एवढंच म्हणाले, "सुबू-सुबू खेळो. धूप में पॅच छोड देते."

* * *

आता शेवटचं. तालुक्याच्या स्पर्धेचा सामना आमच्या मैदानावर होता. हेडमास्तरांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "हरलात तर टीम बंद. मुलींचा अभ्यास बुडतो." तो सामना आम्ही एका गोलनं हरलो, हे आधीच सांगून टाकतो. गोलपोस्ट परत कपाटात आहेत. अश्विनी मला शेळ्यांमागे दिसते, लांबूनच हात करते, आणि मला फार वाईट वाटतं.

सामना सकाळचा, पण समोरची टीम आली दुपारी. पंच म्हणून तालुक्यानं पाठवले ते कबड्डीचे! उन्हानं पॅच सुटले आणि दोन्हीकडच्या वरच्या नळ्या खांद्यापर्यंत खाली आल्या. पंप मारला की हवा तेवढ्याच जोरात बाहेर! गोल तेवढा लहान झाला, त्यामुळे कुणाचाच गोल होईना.

शेवटी शेवटी समोरच्या शाळेच्या कॅप्टननं जोरदार फटका मारला. बॉल अश्विनीच्या डोक्यावरून, वाकलेल्या नळीच्याही वरून गेला.

"नळीच्या वरून गेला. गोल न्हाई!" पंच म्हणाले. आमच्याकडून टाळ्या. माझी सगळ्यात मोठी.

अश्विनी वळली. दोन्ही हात नळीखाली घातले आणि ताणून ती पहिल्या उंचीला नेली.

"सर, नळी हितं असती. बॉल आतून गेला असता."

पंच गोंधळले. "मग आता काय करायचं?"

"मी धरते. तिला परत मारू द्या."

"अश्विनी, सोड ते! हात मोकळे कर!" मी ओरडलो. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कॅप्टन जरा घुटमळली, मग तिनं मारला. बॉल अश्विनीच्या बाजूनं आत गेला. हात वर, ती तशीच उभी.

मग तिनं नळी सोडली, जाळीतून बॉल काढला, मधे आणून ठेवला आणि पंचांना समोरच्या गोलपोस्टकडे बोट दाखवलं.

"सर, तिकडची बी खाली आलीय. तिकडं कोन धरतंय?"

त्यांच्या गोलकीपरनं आपल्या सरांकडे बघितलं. सर घड्याळ बघत होते.