नॉर्मलमधला माणूस

“चित्र देखणं नको गड्या, इमानदार पाहिजे,” असं म्हणून काका चष्मा कपाळावर सरकवायचे आणि पडद्याला नाक लावायचे. लातूरच्या आमच्या स्कॅन सेंटरात ते एमआरआयचे सीनियर टेक्निशियन, मी त्यांच्या हाताखालचा. असली खट माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला मात्र रोज आठ तास सोसावी लागली.

भांडण एकाच गोष्टीवरून. मशीन देतं ती कच्ची माहिती. तिच्यातून मेंदूचं चित्र कॉम्प्युटर जुळवतो, आणि ते किती गुळगुळीत करायचं याचं एक सेटिंग असतं. गुळगुळीत चित्र डॉक्टरांना आवडतं, नातेवाइकांना तर फारच. काका त्या सेटिंगला हात लावू द्यायचे नाहीत. “निरोगी लोकांची चित्रं एका सेटिंगवर अन् पेशंटचं दुसऱ्यावर, मग ताडून काय बघायलास? बारके खड्डे बुजून जातात, लेका.”

ताडायला निरोगी माणसंही त्यांनीच जमवली होती. दर रविवारी एक. क्लासचे मास्तर, मेसवाल्या मावशी, एसटीचे कंडक्टर. डॉक्टरांची परवानगी होती, मशीन रिकामं असायचं. सुरुवात त्यांनी स्वतःपासून केली होती. या गटाला आम्ही ‘नॉर्मल’ म्हणायचो. स्कॅन अर्ध्या तासाचा, पण काका माणसाला दोन-दोन तास सोडायचे नाहीत. डब्यातला मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊ घालायचे, गावाकडचं विचारत बसायचे. मला वाटायचं, काय हौस आहे बुवा! लई उशिरा कळलं. भूकंपात त्यांची बायको आणि मुलगी गेली होती. आजूबाजूला क्लासच्या पोरांसाठी मजल्यावर मजले चढत होते, आणि हे एका गच्चीवर पत्र्याच्या खोलीत एकटे. डोक्यावर स्लॅब नको म्हणायचे. रविवार त्यांना खायला उठायचा.

मग एकदा ते लोखंडी स्टूल उचलून मशीनच्या खोलीत निघाले, जिथलं चुंबक लोखंड गोळीसारखं खेचून घेतं. जन्मभर दुसऱ्यांच्या खिशातल्या किल्ल्या काढून घेणारा माणूस! मी ओरडलो, दंड धरून मागं ओढलं. आत मशीनवर एक बाई झोपलेली होती. काका दारातच खाली बसले.

“मला आठवलंच न्हाई,” ते म्हणाले. “माझा स्कॅन काढ. हे काम करावं का न्हाई, कळू दे एकदा.”

काढला. आणि सांगायला लाज वाटते, मी सेटिंग बदललं. चांगलं गुळगुळीत केलं. तुम्हीच सांगा, काका गेले तर त्या खोलीत मी कुणाशी भांडायचं? नॉर्मलशी ताडून पाहिलं, सगळं ठीक आलं.

काकांनी पडद्याला नाक लावलं. “कोणतं सेटिंग हाय?”

“नेहमीचंच, काका.”

“खोटं बोलायलास तू.” आवाज चढला नाही, उलट त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “आत बाई होती गड्या. पुन्हा जुळव. अन् हे बघ, नॉर्मलमधून आधी मला काढ. मलाच माझ्याशी ताडशील तर काय कळल?”

पुन्हा जुळवलं, त्यांना वगळून. आठवणी सांभाळणाऱ्या भागात दोन्ही बाजूंना लाल डाग उमटले, म्हणजे तिथं मेंदू नॉर्मलपेक्षा आटलेला. डॉक्टरांनी पुढं सगळ्या तपासण्या केल्या आणि तेच सांगितलं.

त्यांचा कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. त्यांचं जुनं चित्र मी गुपचूप गटात परत टाकलं होतं, ते त्यांनी ओळखलंच. “आजार निघालेला माणूस नॉर्मलमध्ये ठेवायचा न्हाई. लोकांचे रिपोर्ट चुकतील.” कॉम्प्युटरनं विचारलं, कायमचं काढायचं का? माझं बोट काही हलेना. त्यांनीच माउस ओढून घेतला. “हाव,” म्हणाले आणि बटण दाबलं.

जिन्यापर्यंत जाऊन ते वळले. “येत्या रविवारी कोण येणार हाय?”

“कुणीच नाही, काका.”

“मंग मला घे की. मला काय धाड भरली?”

शनिवारी रेणापूरहून भाचा आला आणि त्यांना घेऊन गेला. रविवारी दहा वाजता मी सेंटर उघडलं, कॉम्प्युटर लावला आणि दुपारपर्यंत बसून राहिलो.